एकच सूर, दोन लयी

पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी बोलायचं म्हटलं की आपल्याकडे जरा दबकूनच बोललं जातं. ते संगीत लिहून ठेवलेलं असतं, त्यातला स्वर न् स्वर ठरलेला असतो, आणि वाजवणाऱ्यानं कागदावर आहे तेवढं वाजवायचं, असा आपला एक समज असतो. आपला गवई दर बैठकीत यमन नव्यानं मांडतो, त्यांच्याकडे मात्र सगळं आधीच ठरलेलं! हा समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा किती मोठा आहे हे पाहायचं असेल तर दोन तबकड्यांची गोष्ट ऐकायला हवी. दोन्हींवर रचना एकच, पट्टी एकच, पियानो वाजवणारा माणूस एकच आणि ध्वनिमुद्रणाची जागाही एकच. एक तबकडी १९५५ सालची, दुसरी १९८१ सालची. पहिली साडेअडतीस मिनिटांत संपते. दुसरीला एक्कावन्न मिनिटं लागतात.

वाजवणारा होता कॅनडातल्या टोरांटोचा ग्लेन गूल्ड. रचना होती योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराची, ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ या नावानं ओळखली जाणारी. एक छोटीशी आरिया, म्हणजे गाण्यासारखी संथ धून, मग तिचे तीस रूपभेद आणि शेवटी पुन्हा तीच आरिया, अशी तिची बांधणी आहे.

आधी या नावाचाच इतिहास पाहू, कारण त्यातच भावाचा प्रश्न दडलेला आहे. ही रचना १७४१ साली न्यूरेंबर्गला छापून निघाली. मुखपृष्ठावर गोल्डबर्ग हे नाव नाही. दोन कीबोर्ड असलेल्या हार्प्सिकॉर्डसाठी, रसिकांच्या मनोरंजनासाठी केलेली रचना, एवढंच तिथं म्हटलेलं आहे. पियानोचा तेव्हा नुकता कुठे जन्म झाला होता. गोल्डबर्गची कथा आली ती १८०२ साली, म्हणजे बाखच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकानं. योहान निकोलाउस फोर्केल यानं बाखचं चरित्र लिहिलं, त्यात ती आहे. ड्रेस्डेनच्या दरबारातला रशियाचा राजदूत काउंट कायझरलिंक याला निद्रानाश होता. रात्र सरता सरत नसे. मग त्याच्या पदरी असलेला तरुण वादक गोल्डबर्ग शेजारच्या खोलीत बसून वाजवायचा, आणि त्याच्यासाठीच बाखनं ही रचना केली, अशी ती कथा. काउंटनं म्हणे सोन्याच्या पेल्यात शंभर सुवर्णनाणी घालून बाखला दिली.

गोष्ट गोड आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ती डळमळते. छापील प्रतीत काउंटला अर्पणपत्रिका नाही. त्या काळी एवढी बिदागी देणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आलं असतं. शिवाय गोल्डबर्ग १७२७ चा, म्हणजे रचना छापली गेली तेव्हा पोरगा जेमतेम चौदा वर्षांचा होता. तरी ही कथा टिकली आणि रचनेला एक भाव चिकटला, रात्रीचा, अंगाईचा. प्रत्यक्षात या तीस रूपभेदांत धावणारे, नाचणारे, हातावर हात ओलांडून वाजवावे लागणारे इतके तुकडे आहेत की ते ऐकत झोपणाऱ्या माणसाचं कौतुकच करावं लागेल.

आता पट्टी. ही रचना जी मेजरमध्ये आहे. आपल्या पेटीच्या भाषेत षड्ज पांढरी पाच, आणि सप्तक शुद्ध स्वरांचं, बिलावल थाटाचं. तीसपैकी सत्तावीस रूपभेद या शुद्ध स्वरांच्या उजेडात आहेत. पंधरावा, एकविसावा आणि पंचविसावा असे तीनच रूपभेद जी मायनरमध्ये जातात. षड्ज तोच राहतो, पण गंधार, धैवत आणि निषाद कोमल होतात, आसावरी थाटाच्या जवळचे. त्यात आपला राग शोधू नये, कारण रागाचं चलन तिथं नाही. पण शुद्ध गंधाराची सवय झालेल्या कानावर अचानक कोमल गंधार पडला की काय होतं, हे मराठी श्रोत्याला वेगळं समजावून सांगायला नको. पंचविसावा रूपभेद तर इतक्या अडखळत्या, अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी उतरतो की हार्प्सिकॉर्डला विसाव्या शतकात पुन्हा मानाचं स्थान मिळवून देणाऱ्या वांडा लांडोव्हस्का यांनी त्याला ‘काळा मोती’ म्हटलं होतं.

स्वर असे पक्के आहेत. लयीचं काय? इथं कागद जवळजवळ गप्प आहे. छापील प्रतीत पंधराव्या रूपभेदावर ‘अंदान्ते’ असा शब्द आहे, म्हणजे चालण्याच्या गतीनं. बाकी बहुतेक ठिकाणी वाजवणाऱ्यानं रचनेचा घाट पाहून आपली लय आपण ओळखायची. पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यात बाखची स्वतःच्या वापरातली छापील प्रत फ्रान्समध्ये सापडली. ती आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यात बाखनं स्वतःच्या हातानं काही भर घातलेली आहे, आणि त्या काळ्या मोत्यावर एक शब्द लिहिलेला आहे, ‘अदाज्यो’, म्हणजे सावकाश. हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याला तो पुढे लागणार आहे.

जून १९५५. गूल्डचं वय बावीस. जानेवारीत त्याचा न्यूयॉर्कला पहिला कार्यक्रम झाला होता आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबिया कंपनीनं त्याच्याशी करार करायचं ठरवलं होतं. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेसाठी त्यानं गोल्डबर्ग निवडली तेव्हा कंपनीतल्या माणसांना ती निवड धाडसाची वाटली, कारण ही रचना सर्वसामान्य श्रोत्यांच्या ओठांवरची नव्हती. न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत कंपनीचा स्टुडिओ होता. तिथं हा मुलगा ऐन जूनमध्ये ओव्हरकोट, मफलर आणि हातमोजे घालून आला. सोबत पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, गोळ्या-औषधं आणि वडिलांनी पाय कापून ठेंगणी करून दिलेली घडीची खुर्ची. वाजवण्यापूर्वी तो हात गरम पाण्यात बुडवून ठेवी. मग त्या बुटक्या खुर्चीत बसून, नाक जवळजवळ कीबोर्डला टेकवून, तोंडानं गुणगुणत तो वाजवू लागला. ती गुणगुण तबकडीवरही ऐकू येते.

१९५६ च्या जानेवारीत तबकडी बाजारात आली. वेष्टणावर गूल्डची तीस छायाचित्रं होती, तीस रूपभेदांसाठी तीस. लोक चकित झाले ते त्या वेगानं. पहिला रूपभेद पाऊण मिनिटात संपतो. पाचव्याला चाळीस सेकंदही लागत नाहीत. तरी प्रत्येक स्वर स्वतंत्र, टपोरा, पागोळीच्या थेंबासारखा सुटा. तोवर ज्याच्याकडे आदरानं, काहीसं गंभीर होऊन पाहावं असा बाख, या तबकडीत खेळताना दिसला.

लय ही किती भांडणाची गोष्ट असते याचा प्रत्यय गूल्डला पुढे आला. ६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्राम्सचा डी मायनरमधला पियानो कंचेर्टो होता. वाद्यवृंदाचे संचालक होते लेनर्ड बर्नस्टाइन. गूल्डनं लय इतकी संथ ठरवली होती की सुरुवात होण्यापूर्वी बर्नस्टाइन श्रोत्यांकडे वळले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं की ही मांडणी मला मान्य नाही, तरी या कलावंताबद्दलच्या आदरापोटी मी साथ करतो आहे. म्हणजे साथीदारानं आधीच जाहीर करायचं की आजची लय माझी नव्हे! आपल्याकडे गवई आणि तबलजी यांची अशी खडाजंगी मैफलीतच, मात्रांमात्रांत होते. तिथं ती भाषणानं झाली. या प्रसंगावर बराच गदारोळ झाला. १९६४ साली लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमानंतर गूल्डनं जाहीर वादन कायमचं सोडलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. पुढचं आयुष्य त्यानं स्टुडिओत काढलं. ध्वनिमुद्रणातच संगीत खऱ्या अर्थानं पूर्णत्वाला जातं, अशी त्याची धारणा होती.

आणि मग १९८१ चा वसंत. तोच स्टुडिओ, त्याच इमारतीतला. ही इमारत कंपनी सोडणार होती, आणि तिथं झालेल्या शेवटच्या काही ध्वनिमुद्रणांत हे एक होतं. पियानो नवा होता, यंत्रणा डिजिटल होती. खुर्ची मात्र तीच, आता नुसता सांगाडा उरलेली. गूल्ड अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्यानं आरिया सुरू केली आणि ज्यांच्या कानात १९५५ ची तबकडी बसली होती त्यांना ती ओळखताही येईना. पूर्वी दोन मिनिटांच्या आत संपणारी धून आता तीन मिनिटं घेत होती. दोन स्वरांच्या मध्ये जणू एक खोली उभी राहिली होती आणि तो तिथं जाऊन थांबत होता.

ही तबकडी सप्टेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. २५ सप्टेंबरला गूल्डला पन्नास वर्षं पूर्ण झाली. दोन दिवसांनी त्याला पक्षाघात झाला आणि ४ ऑक्टोबरला तो गेला. टोरांटोतल्या त्याच्या समाधीच्या दगडावर या आरियाचे सुरुवातीचे स्वर कोरलेले आहेत.

झालं. एक सुंदर कथा तयार झाली. पोरसवदा कलावंतानं जग जिंकायला वेगानं वाजवलं, आणि मृत्यूची चाहूल लागलेल्या प्रौढानं तेच संगीत निरोपासारखं संथ केलं. काउंटच्या निद्रानाशासारखीच ही कथाही गोड आहे. ती मी स्वतः अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. पण तिलाही कसोटी लावायला हवी, आणि इथं साक्षीदार दुसरा कुणी नसून घड्याळ आहे.

अडतीस आणि एक्कावन्न या आकड्यांत तेरा मिनिटांचा फरक आहे. तो सगळा संथपणाचा आहे का? नाही. बाखच्या रचनेतला प्रत्येक तुकडा दोन भागांचा आहे आणि प्रत्येक भाग पुन्हा वाजवावा अशी खूण तिथं आहे. १९५५ साली गूल्डनं एकही पुनरावृत्ती घेतली नाही. १९८१ साली त्यानं काही रूपभेदांचा पहिला भाग पुन्हा वाजवला. या रचनेत दर तिसरा रूपभेद ‘कॅनन’ असतो. एका आवाजानं धून सुरू करायची आणि दुसऱ्यानं थोड्या अंतरानं तीच धून घेऊन मागून यायचं, अशी ती रचना. असे नऊ कॅनन आणि आणखी चार तुकडे त्यानं असे दुहेरी घेतले. म्हणजे वाढलेल्या मिनिटांतला एक वाटा लयीचा नाहीच, तो पुन्हा वाजवण्याचा आहे.

आता एकेक तुकडा पाहू. पहिला रूपभेद पाऊण मिनिटाचा होता, तो पुनरावृत्ती न घेताही सव्वा मिनिटाच्या जवळ गेला. आरिया संथ झाली. पंधरावा, तो मायनरमधला, कितीतरी संथ झाला. पण तो धावणारा पाचवा रूपभेद? अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही तो जवळजवळ तेवढ्याच सेकंदांत संपतो. हात थकले होते असं म्हणायला जागाच नाही. अठ्ठाविसावा तर उलट किंचित वेगानं गेला आहे.

आणि तो काळा मोती? सगळ्या रचनेतला सर्वांत दुःखी तुकडा, ज्यावर बाखच्या हातानं ‘सावकाश’ लिहिलेलं सापडलं होतं तो? १९५५ साली गूल्डनं त्याला सुमारे साडेसहा मिनिटं दिली होती. १९८१ साली सहाच्या किंचित वर. मधल्या काळात बाखचा तो शब्द उजेडात आला होता, गूल्ड वयानं दुप्पट झाला होता, लोकांच्या मते मृत्यूकडे झुकला होता, आणि तरी या एका ठिकाणी त्याचा हात आधीपेक्षा थोडा लवकर पुढे सरकला.

याचं उत्तर त्याच्याच बोलण्यात मिळतं. १९८२ साली टिम पेज या समीक्षकाशी बोलताना त्यानं आपल्या तरुणपणीच्या वादनावर टीका केली. तो पंचविसावा रूपभेद त्याला शोपँच्या रात्रगीतासारखा वाटत होता, म्हणजे दुःख दाखवण्याच्या नादात फार आळवलेला. एकेक रूपभेद सुटा सुटा, स्वतःपुरता वाजवला गेला होता, अशी त्याची तक्रार होती. आता त्याला सबंध रचनेच्या तळाशी एकच स्पंद हवा होता. एका तुकड्याची मात्रा पुढच्या तुकड्याच्या मात्रेशी हिशेबानं बांधलेली, जशी आपल्याकडे ठाय आणि दुगुण एकाच मात्रेच्या नात्यात असतात तशी. लय त्यानं भावनेवरून ठरवली नाही. आधी हिशेब मांडला. त्या हिशेबात आरियाच्या वाट्याला संथपणा आला आणि काळ्या मोत्याला आपले उसासे थोडे आवरावे लागले.

मला या गोष्टीत रस आहे तो कवी म्हणून. वृत्त म्हणजे आमची स्वरलिपीच. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. शाळेत मुलं ते ठेक्यात, भराभर म्हणतात. तोच श्लोक एखादी म्हातारी बाई तिन्हीसांजेला दिव्यापाशी बसून म्हणते तेव्हा वृत्त तेच, लघू-गुरू तेच, पण ऐकणारा गप्प होतो. मुशायऱ्यात काही शायर तरन्नुममध्ये, म्हणजे गाऊन, गझल पेश करतात. काही तहतमध्ये, नुसती बोलून. गाऊन म्हटलेल्या शेरात दर्द आपोआप येतो, आणि कधी कधी तो शब्दांतला नसतोच, गळ्यातला असतो. तहतमध्ये वाचणाऱ्याला ती सोय नाही. त्याला शेराच्या आत जे असेल तेवढ्यावरच उभं राहावं लागतं. १९८१ चा काळा मोती मला तहतमधल्या शेरासारखा ऐकू येतो. संथपणा म्हणजे खोली, आणि जितका उशीर तितकं दुःख, असं समीकरण आपण फार सहज मांडतो. या सहा मिनिटांत ते चुकतं.

दुसरं समीकरण त्याहून घातक आहे. माणूस गेल्यावर त्याच्या शेवटच्या कामात आपण मृत्यूची पावलं ऐकू लागतो. बालकवी १९१८ साली ऐन तारुण्यात आगगाडीखाली गेले. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक उदास ओळीकडे आपण त्या रुळांवरूनच बघतो. गूल्डनं १९८१ च्या वसंतात पियानोपुढे बसताना पुढच्या वर्षाचा सप्टेंबर पाहिलेला नव्हता. तो एका जुन्या प्रश्नाचं नवं उत्तर शोधत होता. त्याला निरोप म्हणून ऐकणं म्हणजे त्याच्या मेहनतीचं श्रेय मृत्यूला देऊन टाकणं आहे. इतिहास लिहिणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानंही एवढा न्याय तरी करावा की माणसाला जे ठाऊक नव्हतं ते त्याच्या तोंडी घालू नये.

लय, पट्टी आणि भाव यांचं नातं यंत्रात वेगळं आणि माणसात वेगळं असतं. चावीच्या ग्रामोफोनवर ज्यांनी गाणी ऐकली असतील त्यांना आठवेल. चावी उतरत आली की लय मंदावायची आणि बरोबरच आवाजही खाली घसरायचा. काळी चारचा गायक काळी तीनवर यायचा. तिथं लय आणि सूर एकाच दोरीनं बांधलेले असतात. पियानोपुढे बसलेला माणूस मात्र पांढरी पाचचा षड्ज जागचा न हलवता लय हवी तशी बदलू शकतो. ही मोकळीक यंत्राला नाही.

याचा सर्वांत दूरवरचा पुरावा आज आकाशात आहे. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तिच्यावर पृथ्वीवरचं सुमारे दीड तासाचं संगीत आहे. त्यात ग्लेन गूल्डनं वाजवलेला बाखचा सी मेजरमधला प्रेल्यूड आणि फ्यूग आहे, म्हणजे पांढरी एकचा. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ५ सप्टेंबरला त्यातलं एक यान निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. दोन्ही यानं आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पोचली आहेत, एक २०१२ साली आणि दुसरं २०१८ साली.

ती तबकडी कुणाच्या हाती लागलीच तर वाजवायची कशी, हे तिच्या वेष्टणावर चित्रांनी कोरलेलं आहे. त्यात एक सूचना वेगाची आहे. एक फेरा ३.६ सेकंदांत पूर्ण व्हावा. पण तिकडच्यांना आपला सेकंद काय ठाऊक? म्हणून तो काळ हायड्रोजनच्या अणूच्या मापात सांगितला आहे. शास्त्रज्ञांना हे सांगणं भागच होतं. वेग चुकला तर केसरबाईंची भैरवी भलत्याच पट्टीत जाईल आणि गूल्डचा बाख खेळण्यातल्या बाहुल्यासारखा नाचू लागेल. सूर आणि लय यांची हमी अशी धातूवर कोरून देता आली. भैरवीनं मैफल का संपते, हे मात्र त्या वेष्टणावर कुठंही लिहिलेलं नाही. ते ऐकणाऱ्यानंच ओळखायचं आहे.